मागाच्या वारगीची

आक्का, तुझी पणती काल मला बूमर म्हणाली. मामा तुला आक्का म्हणायचे म्हणून आम्ही पोरंही आक्काच म्हणत आलो, आई कधी तोंडात बसलंच नाही. ही पोर पुण्याहून सुट्टीला टिळकवाडीत माझ्याकडे आली आहे. पोहे खाता खाता फोनवर कुणाला तरी "मी अँड माय फ्रेंड" असं सांगत होती. मी म्हटलं, "माय फ्रेंड अँड आय. स्वतःला शेवटी ठेवायचं असतं." तर फोनवर हात ठेवून म्हणते, "आज्जी, किती गं बूमर तू!" मला ते चघळायच्या गोळीचं नाव वाटलं. मग तिनं समजावलं. आता म्हणे जन्मसालावरून पिढ्यांना नावं असतात. "तुझी शेवटची बॅच. वर्षभर उशिरा जन्मली असतीस तर वेगळी निघाली असतीस. तुम्हाला कायमची नोकरी मिळाली, स्वस्तात घर मिळालं. सगळं आयतं. म्हणून तर आम्हाला शिकवता." आयतं! वडगावच्या आपल्या घरात पावसाळ्यात मागाच्या खड्ड्यात पाणी पाझरायचं आणि तू पाय वर घेऊन, पोतं अंथरून, पुन्हा पाय खाली सोडून विणायला बसायचीस. तुझे तळवे श्रावण संपेपर्यंत पांढरेफटक असायचे. बँकेत मी कारकून होऊन जन्म काढला, तेही आयतंच म्हणायचं बहुतेक.

आणि जन्मसाल म्हणजे कुठलं, हे त्या पोरीला कोण सांगणार? तू मला शाळेत घातलंस तो दिवस मला लख्ख आठवतो. गल्लीत तेव्हा पोरांना मराठी शाळेत घालायचं की कानडी, यावरून पुरुषमाणसं कट्ट्यावर हमरीतुमरीवर यायची. तू एक दिवस माग थांबवलास, पदराला हात पुसलेस आणि म्हणालीस, "हे बसूं देत भांडत. चल गं, तिसरीकडंच घालते तुला." कॅम्पातल्या इंग्रजी कॉन्व्हेंटात सिस्टरच्या टेबलासमोर तू उभी आहेस, ठेवणीतलं इरकल नेसून, आणि मी तुझ्या निऱ्या धरून. सिस्टर विचारतात, जन्मसाल? तू म्हणतेस, "आमच्या दुसऱ्या मागाच्या वारगीची हाय." सिस्टरना मराठी बेताची. त्या शिपायाकडं बघतात. वारगीची म्हणजे बरोबरीच्या वयाची, एवढं त्याला कळलं, पण इंग्रजी कुठून आणणार? तो छाती काढून म्हणाला, "सिस्टर, लूम अँड गर्ल, सेम बॅच!" सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी मला आ करायला लावलं, पडलेले दात बघितले आणि मनानं एक साल ठरवलं. तारीख एक जून, सगळ्यांचीच असते तशी. तेव्हा मी बूमर आहे ती माझ्या दुधाच्या दातांवरून. बाजारात बैलाची पारख करतात तशी माझी पिढी ठरली.

वारगी मात्र मला कुठलीच मिळाली नाही, हे तुला ठाऊक होतं. शाळेत वकिलांच्या आणि मिलिटरीवाल्यांच्या मुली बाकावर सरकून बसायच्या, कारण माझ्या पिनाफोरला खळीचा आंबूस वास यायचा. सुताला खळ लावायची ती आपल्याच अंगणात. कुठला साबण त्याला पुरणार? घरी यावं तर गल्लीतल्या माझ्याएवढ्या मुली राट फिरवत सुताच्या कांड्या भरत बसलेल्या. मी जवळ गेले की शेजारची ती बडबडी म्हणायची, "ए इंग्लिस, तू नगं. तू आमच्यातली न्हाईस." एकदा मी रडत आत आले. तू मागावरून उठली नाहीस. धोटा तसाच ताण्यातून इकडून तिकडं पळत राहिला. "रडतीस कशाला? माग हाय न्हवं तुझ्या वारगीचा? त्याच्यापाशी बस की." तेव्हा मला तो तुझा कठोरपणा वाटला. पण मी बसले, आणि मग रोजच बसत गेले. खड्ड्याच्या कडेला पाट टाकून मी पाढे आणि स्पेलिंगं पाठ करायची, आणि तू फणी ओढलीस की एकेक अक्षर त्या ठोक्यावर पडायचं. अजूनही अवघड शब्द लिहिताना माझ्या कानात तो ठोका वाजतो. यंत्रमाग आले, तुझा तो माग सुटा करून माळ्यावर टाकला, तेव्हा तू म्हणाली होतीस, "दमला गं, तुझा जोडीदार." मी तेव्हा बँकेत नुकतीच लागले होते आणि घाईत होते.

तीच बडबडी गेल्या महिन्यात शहापूरच्या भाजीबाजारात दिसली. कंबरेत वाकली आहे, अजून कुणाकडं तरी साड्यांचे गोंडे बांधायला जाते. मला म्हणते, "बाईसाहेब, जरा सरता का?" मी म्हटलं, "अगं, मी!" तिनं डोळ्यांवर हात धरून बघितलं. "आगं बया! इंग्लिस!" आणि भाजीवालीला सांगू लागली, "ही लई शिकली बघ. आमच्याच गल्लीतली." गल्लीतली म्हणाली. वारगीची म्हणाली नाही. पुण्याच्या पोरीच्या हिशेबानं मात्र आम्ही दोघी एकच. तिलाही सगळं आयतं मिळालं!

हे सगळं मी काल नातीला तावातावानं सांगितलं. ती पोहे संपवून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मग तू बूमर नाहीस तर कोण?" मी म्हटलं, "मागाच्या वारगीची." ती म्हणाली, "म्हणजे जेन-झी तशी जेन-माग?" आणि खुदकन हसली. मीही हसले, पण ओठ मिटून.

आक्का, तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू होतीस तेव्हाही मी तुला कधी पत्र लिहिलं नाही. हेही कुठं टाकायचं नाही. म्हणूनच सांगते. ती पोर मला बूमर म्हणाली, तेव्हा राग यायच्या आधी, क्षणभर, मला बरं वाटलं होतं. कुणीतरी मला पहिल्यांदाच माणसांच्या वारगीत बसवलं होतं.