डावी बाजू दबल्याच्या खुलाशासह मृत्युपत्र

मी, माणिक लहानूजी उगेमुगे, वय ५४ वर्षे ४ महिने, धंदा नोकरी (शाळेत प्रयोगशाळा सहायक), राहणार बोरगाव मेघे, ता. जि. वर्धा, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून किंवा दडपणाखाली नव्हे, तर आपल्या मनाने आणि आपल्या अक्षरात लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. कान नाही, त्याचा खुलासा कलम ५ मध्ये केला आहे.

दिनांक २७ ऑक्टोबर रोजी नागपूरला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणतात घाबरण्याचे कारण नाही. मी घाबरलेलो नाही. पण कोणतेही यंत्र उघडण्याआधी आतल्या जोडण्या कागदावर उतरवून ठेवाव्यात, ही माझी तीस वर्षांची सवय आहे.

कलम १. बोरगाव मेघे येथील प्लॉट व त्यावरील तीन खोल्यांचे घर माझ्या स्वकमाईचे आहे. ते माझ्या पश्चात पत्नी सौ. नमिता हिला मिळावे. मागच्या खोलीच्या भिंतींवर जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून, लाकडी चौकटीत भरून, वर खादी ताणून मी बसवला आहे. त्यामुळे तिथे आवाज घुमत नाही. ती खोली भाड्याने दिल्यास भाडेकरूने त्यात खिळे ठोकू नयेत. *(हे कलम खोडले आहे. शेवटचा खुलासा पाहावा. मा. ल. उ.)*

कलम २. भविष्य निर्वाह निधी व बँकेतील ठेव नमिता आणि मुलगी चि. मैत्रेयी यांनी निम्मी निम्मी घ्यावी. मैत्रेयीला माझ्या नोंदींच्या अकरा लाँगबुकही द्याव्यात. पुण्यात तिला त्या ठेवायला जागा नाही हे मला माहीत आहे. तरी द्याव्यात.

कलम ३. सोल्डरिंग आयर्न, दोन मल्टिमीटर आणि ऑसिलोस्कोप शाळेच्या प्रयोगशाळेला द्यावेत. विज्ञानाचे एक गुरुजी (नाव लिहीत नाही, ते आता निवृत्त आहेत) मला सर्वांसमोर म्हणाले होते, "उगेमुगे, तुम्ही परीक्षानळ्या धुवा, सर्किटचं आम्ही पाहू." त्याच वर्षी त्यांनी जाळलेला पॉवर सप्लाय मी मधल्या सुट्टीत दुरुस्त करून परत कपाटात ठेवला आणि कोणाला बोललो नाही. आता बोललो. ऑसिलोस्कोप पुसताना ओले फडके वापरू नये.

कलम ४. माझी खरी मिळकत म्हणजे मी स्वतः बनवलेला मास्टरिंग इक्वलायझर. वकिलांनी विचारले, हे काय असते? म्हणून लिहितो. गाण्याचे रेकॉर्डिंग झाले, मिसळण झाले, की शेवटचा हात फिरवायचा असतो. कुठे जाड आवाज जरा उतरवायचा, कुठे बारीक आवाज केसभर चढवायचा. ते काम हे यंत्र करते. माझ्याकडे आंजी, देवळी, सेलू इकडची खंजिरी भजनाची मंडळे येतात. त्यांच्यासाठी मी ते बनवले. परदेशी यंत्राची किंमत ऐकून मी हसलो होतो, आणि दुसऱ्या दिवशी कागद-पेन्सिल घेऊन बसलो होतो.

यात डावी आणि उजवी अशा दोन बाजू आहेत आणि त्या तंतोतंत सारख्या हव्यात. बाजारातले साधे फिरते बटण सारखे नसते. म्हणून प्रत्येक बटण बारा पायऱ्यांचे घेतले आणि प्रत्येक पायरीला मोजून निवडलेला रेझिस्टर लावला. नऊशे रेझिस्टर एकेक करून मोजले, सुपारीच्या रिकाम्या डब्यांत जोड्या लावून ठेवले. आवाजाच्या पट्ट्या जाडापासून बारीकपर्यंत चार आहेत. त्यांवर मी इंग्रजी आकडे नाही, मराठी नावे कोरून घेतली: खर्ज, छाती, शब्द, झांज. या कामाला दोन वर्षे सात महिने लागले. हे मी अभिमानाने लिहितो.

उजव्या बाजूचा बोर्ड मी जोडला. डावीकडचा बोर्ड माझा मेहुणा, नमिताचा धाकटा भाऊ, श्री. दुर्गेश पोहाणे याने जोडला. त्याचे देवळीला मोटार रिवाइंडिंगचे दुकान आहे. त्याचा हात माझ्यापेक्षा स्थिर आहे. हे वाक्य मी आजवर कुठेही लिहिलेले नव्हते.

कलम ५. दि. २० जानेवारी २०१९, रविवार. दुपारी यंत्र पहिल्यांदा चालू केले. मी हेडफोन लावला आणि म्हणालो, डावीकडे झांज दबलेली आहे. त्यावर जे बोलणे झाले ते जसेच्या तसे देतो.

"भाऊजी, मीटर तं दोन्हीकडं बरोबर दाखवून राह्यला."

"मीटरचं मले नको सांगू. मी कानानं ऐकून राह्यलो."

"मंग हेडफोन उलटा घालून पाहा न एकदा. डावा उजव्या कानाले, उजवा डाव्याले. बोर्ड खराब असंन तं दबलेलं इकडून तिकडं जाईन."

"तू मले हेडफोन घालाले शिकवतं?"

"शिकवून नाई राह्यलो. पाहा म्हटलं."

"मोटारी बांधणाराच्या हातचं काम. एवढंच होणार!"

असे म्हणून मी तो बोर्ड वायरीसकट उपटला आणि त्याच्या हातात दिला. नमिता फोडणीचा भात घेऊन दारात उभी होती. ती एवढेच म्हणाली, "दुर्गेश, जेवून जाजो." तो जेवला नाही. त्यानंतर सहा भाऊबिजा झाल्या, तो या घरात आला नाही. नमिता देवळीला जाऊन त्याला ओवाळून येते आणि आल्यावर माझ्याशी त्याबद्दल बोलत नाही.

मग डावा बोर्ड मीच जोडला. तोही मला दबलेलाच ऐकू आला. शहाण्या माणसाने इथे थांबायला हवे होते. मी वायरीला दोष दिला, बटणाला दिला, आणि शेवटी डाव्या बाजूच्या झांजेचे रेझिस्टर बदलून ती दोन पायऱ्या चढवली. मग मला बरोबर वाटले. आंजी (मोठी) येथील भजनी मंडळाचे गोमाजी त्यांच्या भजनांचा पेनड्राइव्ह घेऊन परत आले होते. म्हणाले, "माणिकराव, डावीकून झांज सुईवानी टोचून राह्यली बाप्पा." मी त्यांना स्पीकर बदलायला सांगितले. ते दोन वर्षांपूर्वी वारले.

या वर्षी ऑगस्टमध्ये नमिता म्हणाली, "तुमी फोन नेमी उजव्याच कानाले काऊन लावता?" दवाखान्यात तपासणी केली. आलेख हातात दिला. उजव्या कानाची रेघ सरळ आहे. डाव्या कानाची रेघ बारीक आवाजांपाशी येऊन खाली कोसळते. डॉक्टरीणबाईंनी विचारले, तरुणपणी मोठ्या आवाजाजवळ काम केले का? केले. लग्नांत भोंगे लावायचो, आणि मशीनवर बसताना भोंगा डावीकडे असायचा. त्या म्हणाल्या, हे दहा-बारा वर्षांचे तरी जुने असावे.

घरी येऊन हेडफोन उलटा घातला. दबलेपण डाव्या कानातच राहिले. या तपासणीला चार सेकंद लागले.

म्हणून नोंदवून ठेवतो: दुर्गेश पोहाणे याने जोडलेला बोर्ड निर्दोष होता. दोष माझ्यात होता. मोटारी बांधण्याबद्दल जे बोललो ते मी मागे घेतो.

कलम ६. इक्वलायझर, त्याचा वेगळ्या पेटीतला ट्रान्सफॉर्मर आणि सर्व आकृत्या दुर्गेश पोहाणे याला मिळाव्यात; ~~मात्र त्याने येत्या भाऊबिजेला आणि पुढे दरवर्षी बोरगाव मेघे येथे बहिणीच्या घरी येऊन जेवावे, ही अट राहील.~~ *(मा. ल. उ.)*

कलम ७. गोमाजींच्या बारा भजनांचे मूळ रेकॉर्डिंग, ज्याला माझा हात लागलेला नाही, निळ्या हार्ड डिस्कवर आहे. डावी बाजू दुरुस्त करून त्यावर नव्याने काम करावे आणि मंडळाला द्यावे. त्यांच्या पुण्यतिथीला आजही माझीच टोचणारी प्रत वाजते. शेवटची पारख दुर्गेशच्या कानांनी करावी.

कलम ८. माझ्या तेरवीला डीजे किंवा भोंगा लावू नये.

खाडाखोडीचा खुलासा. वरील मजकूर ५ ऑक्टोबरला लिहून मी नमिताला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाली, "हे तुमी मेल्यावर त्याले वाचाले देऊ काय मी? तो देवळीले जिता बसला आहे. साडेदहाची बस आहे."

७ तारखेला गेलो. दुर्गेश मोटारीत तार भरत होता. वेढ्यांची मोजणी तुटू नये म्हणून त्याने मान वर केली नाही. मी उभा राहिलो. मोजणी संपल्यावर तो म्हणाला, "बसा." मी कलम ५ मोठ्याने वाचले. पंप घेऊन आलेले एक शेतकरी गुलाबराव तिथे बसले होते, त्यांनीही ऐकले. वाचून झाल्यावर दुर्गेशने हातातली तार खाली ठेवली. मग त्याने पाण्याचा ग्लास पुढे केला. "घ्या. छातीचं दुखणं आहे न तुमाले, एवढं जोरानं काऊन वाचता?"

मग कागद हातात घेऊन कलम ६ पाहिले.

"हे अट काऊन टाकली? बहिणीच्या घरी याले अट लागते काय, भाऊजी?"

"मंग सहा वर्षं काऊन नाई आला?"

"थे तुमचं घर होतं. बहिणीचं कुठं होतं?"

 परतीच्या बसमध्ये मी कलम १ पुन्हा वाचले.

९ ऑक्टोबरला दुय्यम निबंधक कार्यालयात बक्षीसपत्र नोंदवून घर नमिताच्या नावे केले. सबब कलम १ खोडले आहे, कारण ते घर आता माझे नाही आणि जे माझे नाही ते मृत्यूनंतर देण्याचा मला अधिकार नाही. कलम ६ मधील अटही त्याच कारणाने खोडली आहे. त्या घरी कोणी यावे, कोणी जेवावे, हे तिथली मालकीण ठरवेल. तिने २३ तारखेच्या भाऊबिजेसाठी देवळीला फोन केला आहे. काय बोलणे झाले ते मी विचारलेले नाही.

दोन्ही खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे आहेत. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. हा मजकूर साक्षीदारांना वाचून दाखवला आणि त्यांच्यासमोर सही केली. त्यांनीही माझ्यासमोर सह्या केल्या. दोघांनाही यातून काही मिळायचे नाही.

ठिकाण: बोरगाव मेघे, सौ. नमिता माणिक उगेमुगे यांचे घर
दिनांक: १२ ऑक्टोबर २०२५

(सही) माणिक लहानूजी उगेमुगे

साक्षीदार
१. (सही) मुकेश तानबाजी हिवरे, शेजारी, बोरगाव मेघे
२. (सही) रुपा वासुदेवराव भोयर, लिपिक, वर्धा