हातातल्या पांढऱ्या रेघा

३ ऑक्टोबर

दादाचं बोट मोडलेलं नाही, नुसतं ठेचलंय. पण तो एक्स-रे मी काढायलाच नको होता!

सरपण फोडताना ओंडका बोटावर आदळला म्हणून दादा — एरिबेर्तो, माझा थोरला भाऊ — इस्पितळात माझ्याच एक्स-रेच्या खोलीत आला. फिल्म उजेडावर धरली. हाडं ठीक. पण हाडांच्या मधून, मनगटापासून बोटांपर्यंत, वळणं घेत गेलेल्या दोन पांढऱ्या रेघा. रक्तवाहिन्या. त्या एक्स-रेत दिसत नसतात. अकरा वर्षं फिल्मा काढतोय, अशा रेघा फक्त डायलिसिसवरच्या म्हाताऱ्यांच्या हातात पाहिल्यात. दादा अडतीस वर्षांचा आहे.

"काय रे फ्रेदो, तोंड का उतरलं? बोट कापणार की काय?"

"नाही. तुझं रक्त तपासायचंय."

हसायचाच थांबला.

६ ऑक्टोबर

क्रिएटिनिन ४.८. एकाच्या आसपास हवं. फॉस्फेटच्या आकड्याखाली डॉक्टर साल्मेरॉनबाईंनी दोनदा रेघ ओढली.

म्हणाल्या, "मूत्रपिंड फॉस्फेट बाहेर टाकत नाहीये. ते रक्तात साठतं, आणि मग नळ्यांच्या भिंतीत चुना बसतो. किटलीच्या बुडाला बसतो तसा. हातात बसलाय म्हणजे हृदयाजवळही बसला असणार." आणि मग हळूच, "याला उसात जाऊ देऊ नकोस. उन्हात, कोयता हातात असताना, कधीही कोसळेल."

चीज बंद, सॉसेज बंद, कोला बंद. दादा दिवसाला तीन बाटल्या कोल्यावर ऊस तोडतो! फॉस्फेट अडवणाऱ्या गोळ्या दिल्यात, जेवणाच्या घासाबरोबर चावून खायच्या.

आमच्या गावात याला रोग म्हणत नाहीत. "त्याला क्रिएटिनिन झालं" म्हणतात आणि विषय बदलतात. बाबांनाही झालं होतं. सेहेचाळिसाव्या वर्षी गेले.

७ ऑक्टोबर

लिहून टाकतो, निदान इथे तरी.

गळीत हंगामाआधी कारखाना सगळ्यांचं रक्त तपासतो. आकडा वर गेला की काम नाही. दादाचा आकडा तेव्हाच काठावर होता, म्हणून गेली दोन वर्षं त्याच्या नावावर रक्त मी दिलंय. आमचा तोंडवळा एकच, ओळखपत्रावरचा फोटो जुना, आणि मुकादम नेमका तेव्हा दुसरीकडे बघतो. पहिल्या वर्षी ०.९ आलं. गेल्या वर्षी १.२. "काय एरिबेर्तो, रक्त आंबायला लागलं वाटतं!" असं मुकादम मला म्हणाला होता, डोळा मारून. मीही दात काढले.

माझ्या रक्तावर तो दोन हंगाम उन्हात उभा राहिला. मीच पाठवला त्याला.

१५ ऑक्टोबर

दानेलिया वहिनीनं सांगितलं — दादा चारही गोळ्या पहाटे उपाशीपोटी एकदम गिळतो. दिवसाचं काम उरकल्यासारखं! म्हणजे नऊ दिवस सगळं पाण्यात.

मी ओरडलो. तर म्हणे, "जेवताना कुणी औषध खातं का? भूक मरते माझी." पुढ्यात ताट होतं. भात, घेवडा आणि त्यावर मुठीएवढी क्वाहादा.

"दादा, हे चीज आहे!"

"चीज दुकानात मिळतं. ही वहिनीनं घरी केलेली आहे."

वहिनी हसली. मग आत जाऊन रडली.

२१ ऑक्टोबर

एक्स-रे खोलीतला पंखा अजून बंदच. दिवसभर अंगावर शिशाचा एप्रन. पाठ धरली. दुखण्याच्या दोन गोळ्या घेतल्या, रोजच्याच.

२ नोव्हेंबर

मृतांचा दिवस. बाबांच्या थडग्याला चुना लावायला गेलो. आमच्या रांगेत यंदा सात नवी थडगी. सगळी पुरुषांची.

दादानं तिथेच विषय काढला. "सात तारखेला तपासणी आहे. येशील ना?"

"नाही."

"तुझा कोर्स कशावर झाला रे? माझ्या कोयत्यावर! तू पाच हंगाम तोडलेस आणि पळालास. मी बावीस तोडलेत."

"म्हणूनच नाही म्हणतोय."

"मग काय करू? बाबांसारखा झोळीत पडून छताकडे बघत मरू? पोरींना काय घालू खायला?"

मी वहिनीकडे बघितलं. ती ब्रश घेऊन थडग्याचा एकच कोपरा पुन्हा पुन्हा रंगवत होती. मग दादा नरमला. यंदा कोयता धरणार नाही म्हणाला, पाण्याच्या पाळीवर काम मागीन, सावलीत बसीन. बाबांच्या थडग्यावर हात ठेवून शपथ घेतली. हात उचलला तेव्हा तळवा पांढराफटक झालेला.

मला त्या हाताकडे बघवेना. येतो म्हणालो.

७ नोव्हेंबर

दिलं. हो, दिलं!

तोडणीवाले करतात तसंच सगळं केलं. तीन दिवस मांसाला शिवलो नाही, नुसती शहाळी आणि काकड्या. त्यानं आकडा खाली राहतो म्हणतात. नर्सनं "एरिबेर्तो" अशी हाक मारली, मी उठलो. तिनं वरसुद्धा बघितलं नाही.

संध्याकाळी ओळखपत्र परत द्यायला दादाकडे गेलो. दाराआड नवा कोयता उभा होता. धार लावलेला.

शपथ पाच दिवसही टिकली नाही. मी त्याला मारलंय. हंगाम संपायच्या आत निरोप येईल, आणि त्याची शेवटची फिल्म मीच काढलेली असेल.

८ नोव्हेंबर

झोप नाही. नर्सला खरं सांगावं का? दादा जन्मात तोंड बघणार नाही. कारखान्याच्या फाटकापर्यंत गेलो आणि परत आलो. भित्रा!

१२ नोव्हेंबर

यादी लागली. एरिबेर्तो — काम नाही. क्रिएटिनिन २.१. नाव दादाचं, रक्त माझं.

दादा थेट इस्पितळात आला. सगळ्यांसमोर माझी कॉलर धरली. "मुद्दाम मांस हाणून गेलास ना रे? माझ्या पोटावर पाय द्यायला!"

मी म्हणालो, "हो."