माझ्या पेशींवर ते प्रोटीन नाही

१ जानेवारी २००६, रविवार
संकल्प: रोज पहाटे उठून लेख लिहिणे. विषय: एड्सचा विषाणू पेशीला चिकटतो कसा. मराठीत यावर कुणी धड लिहिलेलं नाही. ज्युनिअर कॉलेजात बायॉलॉजी शिकवणाऱ्या माणसानं नाही लिहायचं तर कुणी?
उठायला नऊ वाजले. थंडी फार. उद्यापासून नक्की.

५ जानेवारी
गडमुडशिंगीहून अक्का आली. दार लावून घेतलं आणि रडायलाच लागली. दाजींचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा, एचआयव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आलाय. ट्रकवर असतात. अक्काचा निगेटिव्ह, एवढं देवानं राखलं. आता सीडी-फोरची तपासणी, मग औषधं. कोल्हापुरात कुणीतरी ओळखीचं भेटणार, म्हणून मिरजेला जायचंय. दाजी एकटे जायला तयार नाहीत. अक्का म्हणाली, घरात तूच एक शिकलेला, तुला भ्या वाटायचं न्हाय, तूच ने.
फार वाईट वाटलं. शब्द दिला. मग तिला सीडी-फोर समजावून सांगितलं. पेशीच्या अंगावरचं प्रोटीन, विषाणू आधी त्यालाच धरतो, वगैरे. ती मध्येच म्हणाली, सोमवारी नेशील न्हवं?

९ जानेवारी, सोमवार
मिरज रद्द. कॉलेजात प्रॅक्टिकल. माझं नव्हतं, पण आपण हजर असलेलं बरं.
लेखाची प्रगती: शीर्षक.

१२ जानेवारी
लायब्ररीतून एका इंग्रजी पेपरची झेरॉक्स आणली. जबरदस्त! नुसतं सीडी-फोर धरून विषाणूचं भागत नाही. शेजारचं सीसीआर-फाइव्ह नावाचं दुसरं प्रोटीनही बहुतेक वेळा लागतं, तेव्हा कुठं आत शिरायला मिळतं. आणि युरोपातल्या काही थोड्या लोकांच्या पेशींवर हे दुसरं प्रोटीन नसतंच! त्यांना सहसा लागण होत नाही.
माझे डोळे युरोपियनांसारखे घारे आहेत. वडिलांचेही होते. तापानं मी कधी अंथरूण धरलेलं नाही. (टायफॉइड सोडून.) म्हणजे सरळ आहे, माझ्या पेशींवर ते प्रोटीन नाही.
सुष्मिताला सांगितलं. ती म्हणाली, मग तर बरंच झालं, उद्याच न्या की दाजींना.
बायकोला सायन्स कळत नाही.

१६ जानेवारी, सोमवार
दाजी सकाळीच हजर. पार वाळलेत. बघवत नाही. सुष्मितानं चहा दिला. त्यांना स्टँडवर न्यायला स्कूटर काढली. ते मागं बसणार एवढ्यात लक्षात आलं, मागच्या चाकात हवा कमी आहे. ते म्हणाले, चालत जाऊया की. म्हटलं, छे, ह्या थंडीत तुम्हाला बाधेल. परत गेले.
दुपारी त्याच स्कूटरवरून गॅसचं सिलिंडर आणलं. वाटेत हवा भरली.
दाजींचा कप सुष्मितानं विसळून आमच्या कपांत ठेवला होता. मी पुन्हा साबणानं धुतला, मग उकळत्या पाण्यात टाकला. भीती नाही. लॅबची सवय.

२२ जानेवारी, रविवार
कसबा बावड्याच्या तरुण मंडळात माझं व्याख्यान. हॉल भरलेला. निम्म्या बायका नंतरच्या हळदीकुंकवासाठी आधीच येऊन बसलेल्या, पण ऐकत होत्या. रंगलो! लागण झालेली पेशी शेजारणीला खेटते आणि विषाणू हातोहात तिच्यात सोडते. दुसरी एक पेशी तर त्याला डबलसीट घेऊन लसिकेच्या गाठीपर्यंत पोचवते. टाळ्या. मग ठासून सांगितलं, कपानं लागत नाही, हात हातात घेतल्यानं लागत नाही, कातडीवर त्याला धरायला काही सापडतच नाही.
संपल्यावर मागच्या रांगेतून दाजी पुढं आले. अक्कानं पाठवलेलं. डोळे भरले होते. म्हणाले, शशी, लई बरं वाटलं बघ, मी पोरास्नी जवळ घ्यायचंच सोडलतं. आणि हात पुढं केला.
मी नमस्कार केला. सगळ्यांसमोर शेकहँड काय करायचा? आपली म्हणून एक पद्धत आहे.
हात तसाच राहिला जरा वेळ. मग त्यांनी तो खिशात घातला.

२३ जानेवारी
सुष्मिता पहाटेच्या एस्टीनं दाजींना घेऊन मिरजेला गेली. मला उठवलंसुद्धा नाही. मी आज येणारच होतो.

३० जानेवारी
सुष्मिता दाजींबरोबर पुन्हा मिरजेला जाऊन आली. रिपोर्ट आला. सीडी-फोरवाल्या पेशींची संख्या फारच खाली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणायला हवं होतं, पण गोळ्या सुरू करू. डॉक्टरांनी विचारलं, सोबत कोण? दाजी म्हणाले, बहीण हाय माझी.
सुष्मिताला विचारलं, माझ्याबद्दल काही म्हणाले का?
म्हणाली, व्हय, म्हणाले की, सर बोलतात मात्र झकास.
सर.
अक्काचं लग्न झालं तेव्हा मी सहावीत होतो. तेव्हापासून शशीच म्हणायचे.
लेख आजही झाला नाही.