बाईंचा उजवा हात

३ मार्च

आले एकदाची! खोली ऐसपैस, खिडकी पूर्वेला, कपाटाला चक्क किल्ली. मागच्या नोकरीत जिन्याखाली झोपत होते, त्यापुढे ही चैनच. बाई गणिताच्या निवृत्त शिक्षिका. चार महिन्यांपूर्वी झटका आला, पाय लुळे पडले आणि उजवा हात बधिर झाला. टाचणी टोचली तरी कळत नाही. मला म्हणाल्या, आजपासून तूच माझा उजवा हात, फक्त अक्षर माझ्यापेक्षा बरं काढ. आवडल्या मला.

५ मार्च

हॉलमध्ये खाऱ्या पाण्याची टाकी आहे, बाकाएवढी लांब. आत समुद्रातला भोकाभोकांचा दगड आणि सहा कोळंब्या, लाल पाठीवर पांढरा पट्टा. रोज अकराला मी बाईंची चाकाची खुर्ची टाकीला लावते आणि त्यांचा उजवा हात पाण्यात सोडते. कोळंब्या येऊन नखांच्या कडा साफ करत बसतात. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच बोटांना मुंग्या आल्या, असं बाई सांगतात. डॉक्टरांनी आशा सोडलीय, बाईंनी नाही.

९ मार्च

सकाळी टाकीत मेलेली कोळंबी बघून किंचाळलेच. बाई हसून हसून लाल. म्हणाल्या, अगं वेडे, मेली नाही, कात टाकलीय. दगडामागे बघ, नवे कपडे वाळवतेय. मोजल्या तर खरंच सहा. मामा झाला माझा, म्हणून दिवसभर फुगून बसले. मी आहेच तशी. एकदा डूख धरला की धरला.

१४ मार्च

पाचच आहेत. कातही नाही, काही नाही.

१७ मार्च

तीन. बाईंनी तासभर हात पाण्यात ठेवला, पण त्या तिघी कोपऱ्यातून हलेनात. मुंग्या गेल्या, असं बाई म्हणाल्या आणि रडल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. कोण असेल त्याची खैर ठेवणार नाही.

१९ मार्च

दिसला! दुपारी पडदे ओढले होते. दगडाच्या भोकातून किडा निघाला, हातभर लांब, करंगळीएवढा जाड, दोन्ही बाजूंना पायांची झालर. एका कोळंबीला कमरेत धरून आत घेऊन गेला. बाई म्हणाल्या, सोडू नकोस त्याला. मला तेच हवं होतं. मासळीच्या तुकड्याचं आमिष दाखवलं, चिमट्यात धरून ओढला आणि शिवणाच्या कात्रीने नऊ तुकडे केले. ते सगळे परत पाण्यात टाकले. ज्यांना खाल्लंस त्यांच्या बहिणींनी तुला खावं! बाईंनी डाव्या हाताने पाठ थोपटली. जीव कसा गार झाला.

२४ मार्च

टाकी साफ करणाऱ्या माणसाला फोन केला, निव्वळ फुशारकी मारायला. त्याने आधी किड्याचं वर्णन विचारलं. मग म्हणाला, कापायचा नसतो तो, दगडासकट बाहेर काढायचा असतो. प्रत्येक तुकड्याला नवं तोंड फुटतं. तुकडे कुठे टाकले, असं त्याने विचारलं. कचऱ्यात, असं मी सांगून टाकलं. तो सोमवारी येणार आहे. बाईंना काही बोलले नाही. त्यांनी शाबासकी दिली होती ना.

२६ मार्च

एकही कोळंबी उरली नाही. वाळू हलते — एका जागी नाही, सगळीकडे. झाकणावर पाट ठेवला. बाईंना सांगितलं, पाण्यात औषध घातलंय, हात घालायचा नाही. रुसल्यात.

२७ मार्च

डाव्या हाताने लिहितेय. दगड उचलायला गेले — ते वाटच बघत होते. भोकाभोकातून — नऊ. चावले, पण बाकीच्या बोटांना शिवलेसुद्धा नाहीत. फक्त अंगठा आणि पहिलं बोट — कात्री धरायची —

बाईंना म्हटलं, बोट दारात चेमटलं.

२८ मार्च

सांगायला तोंड नाही. लिहून त्यांच्यापुढे ठेवते. बाई, ते तुकडे मी — तुम्ही शाबास म्हणालात म्हणून मी —

हॉलमध्ये काहीतरी पडलं. पाट —

बाई हाका मारतायत. हसतायत. म्हणतायत, झाकण मीच सरकवलं गं, लवकर ये, हाताला मुंग्या आल्यात, बोटांनाच नाही, पार कोपरापर्यंत —