उसनी भांडी आणि माझा वजीफा

प्रिय माय,

तुला जाऊन दोन वर्षं झाली आणि मी आज पत्र लिहायला बसलोय. तुला वाचता येत नव्हतं, ठाऊक आहे मला. पण काल आखाडा बाळापूरला एका घरी पाणी प्यायलो, आणि तेव्हापासून तुझी माफी मागितल्याशिवाय चैन नाही. हसू नकोस, सगळं सांगतो.

तो दिवस आठवतो का? मी नुकताच मॅट्रिक झालो होतो. शिकायला सरकारचा वजीफा मिळाला तर हैदराबादचं सरकारी विद्यापीठ, नाहीतर आपल्या साखरा गावातच तुझ्याबरोबर लोकांच्या शेतात निंदायला जायचं. हुशारीचा वजीफा वेगळा होता. माझा अर्ज ज्यांची ऐपत नाही त्यांच्यासाठीच्या वजीफ्याचा. म्हणून तहसिलीतून गिरदावर साहेब घर पाहायला येणार होते. घरात काय नाही, हेच त्यांना पाहायचं होतं. किती वेळा समजावलं मी तुला!

तुझं आपलं एकच. "येड्या, ज्याच्या घरात काहीच न्हाई त्याला सरकार काहून दीन? चांगलं घर दिसलं तर दीन!"

मी हिंगोलीहून मास्तरांची चिठ्ठी घेऊन परत आलो, तर तू अर्ध्या गावाची भांडी घरात मांडलेली! पितळी घागरी, परात, लखलखीत ताटं. पोरगी बघायला पाहुणे येणार असावेत तसं घर. परत देऊन ये म्हणेपर्यंत साहेब दारात उभे.

त्यांनी तांब्या तोंडाला लावला, मग हातात फिरवून बघितला.

"माय, हे भांडे तुमचेच का?"

"व्हय साहेब, आमचेच. अजून लई हायत आत," तू म्हणालीस. मला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

त्यांनी कागदाची घडी घातली. जाताना एवढंच म्हणाले, "सांभाळा बराबर."

ते गेल्यावर मी तुझ्यावर ओरडलो. "तू माझं वाटोळं केलंस!" तू एकेक भांडं पदरानं पुसून ज्याचं त्याला देऊन आलीस. रागावून चार शब्द तरी बोलायचे होतेस ना!

आणि महिन्याभरात वजीफा मंजूर झाला. तू गावभर सांगत सुटलीस, "माया भांड्यायनं देल्ला!" मला मात्र वाटायचं, कारकुनाची चूक झाली, दुसऱ्या एखाद्या गरजूचा वाटा माझ्या नावावर पडला. हैदराबादेत चार वर्षं शिपायानं हाक मारली की छातीत धस्स व्हायचं. आता चूक सापडली, आता घरी पाठवतात! पास झालो, हिंगोलीत मास्तर झालो, तरी ते भूत मानगुटीवरून उतरलं नाही. आणि त्या दिवसाबद्दल तुझी माफी मागायचीही राहून गेली.

आता निजामाचं राज्य गेलं. वजीफ्याचे अर्ज मात्र येतातच. हेडमास्तरांनी काल मलाच एका पोराचं घर पाहायला बाळापूरला धाडलं. घरात पोरगा आणि त्याची माय, सुभद्रा. दोघंच. फळीवर भांडी चकचकीत. तिनं तांब्या दिला. त्यावर ठोकून घातलेलं नाव होतं, कोंडाबाई. सहज ताटाकडे पाहिलं, तर सौ. अनसूया. घागरीवर राधाबाई. सुभद्रा कशावरच नाही!

माय, मी तांब्या हातात फिरवून ते नाव पुन्हा वाचलं. आपल्याकडे भांड्यावर मालकिणीचं नाव असतं, हे मला काय नवीन होतं? पण साहेब ते वाचतील, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात कधी आलंच नाही! आपल्या घरात बाई तू एकटीच, अन् भांड्यांवर गावातल्या साऱ्या बायांची नावं. आपल्याकडे काय नव्हतं ते त्यांना याहून स्पष्ट कुणी सांगितलं असतं? "सांभाळा बराबर" म्हणजे लोकांची आहेत, जपा. केवढा भला माणूस!

चूक झालीच नव्हती. वजीफा माझाच होता, आणि तो तुझ्या भांड्यांनीच दिला. तूच खरी होतीस! किती हलकं वाटतंय म्हणून सांगू.

मी सुभद्राबाईला काही बोललो नाही. भांडी छान आहेत म्हणालो आणि बाहेर येऊन कागदावर लिहिलं, 'गरज आहे. स्वतः पाहिलं.'

आज बाजारातून एक पितळी तांब्या घेतला आणि कासाराकडून त्यावर तुझं नाव घालून घेतलं, गिरजाबाई. तुझ्या नावाचं हे पहिलंच भांडं, माय. तुला शब्द देतो, तो मी कपाटात ठेवणार नाही. आळीतलं कुणीही मागायला आलं, तर काहून पाहिजे म्हणून विचारणार नाही.

तुझा,
नामा