कॅरिअरवरून दिसणारे बाबा

ती. बाबा,

मी घरातली पहिली पदवीधर झाले, तेव्हा तुम्ही होतात. आता पुस्तकांसाठी चित्रं काढण्याचं पुढचं शिक्षण घेतेय, तर ते सांगायला तुम्ही नाही.

इथे आधी हे शिकवतात, की गोष्टीतलं माणूस समोरून, बाजूने, मागून, कसंही काढलं तरी तेच वाटलं पाहिजे. वर्षअखेरच्या पुस्तकासाठी मी तुम्हाला घेतलं. पाठ एका दमात उतरली: जरा खाली झुकलेला उजवा खांदा, कॉलरची उसवलेली शिवण. चेहरा मात्र रोज खोडत होते. तुम्ही रात्री यायचात तेव्हा मी झोपलेली असायचे. तुम्ही भेटायचात ते सकाळी, शाळेत सोडताना, आणि मी सायकलच्या कॅरिअरवर.

"अगं, वडिलांना चेहराच नाही? मुलं ओळखणार कशी?" मॅडम म्हणाल्या.

चढ लागला की तुम्ही समोर बघतच ओरडायचात, "आहेस ना गं, का सांडलीस वाटेत?"

काल खोडरबर ठेवून दिला. मार्क जातील तर जावोत. पुस्तकभर तुम्ही पाठमोरेच आहात आणि प्रत्येक चढावर तेच विचारता. शेवटच्या पानावर मुलगी उत्तर देते.

आहे, बाबा.

तुमची,
मागे बसलेली