‘किरकोळ’ नावाचा फोल्डर

तीर्थरूप मामांना भाचीचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे यंदा फक्त कागदावर).

तुमचा गुडघा कसा आहे? ताईने कळवलं की जिना चढताना तुम्ही हल्ली कुरकुरत नाही. म्हणजे गुडघा तरी बरा झाला, नाहीतर तुम्ही जिना चढणं तरी सोडलंत. इकडे सगळे ठीक. स्टुडिओही ठीक. गेल्या मंगळवारी सकाळी अकराला विचारलं असतंत, तर मात्र मी फोनच उचलला नसता.

त्याचं असं झालं. मामी गेल्या आणि पाठोपाठ तुम्हीही गेल्यावर (तुम्ही ताईकडे राहायला, असं वाचावं) टेपांच्या कोठीत आम्ही एक यंत्र बसवलं. दिसायला लोखंडी ट्रंक, आवाज जुन्या पंख्याचा. सगळं चित्रीकरण त्यात ठेवायचं आणि चारही खोल्यांतून तारेवाटे तेच उघडायचं. तुमच्या वेळी एक हार्ड डिस्क टॉवेलात गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी, या खोलीतून त्या खोलीत जायची. तुम्ही पुढे, मामी मागे, आणि बोळात कुणी आडवं आलं की मामी ओरडायच्या, “सरका बाजूला, अख्खा सिनेमा चाललाय!” आता कुणी कुठे जातच नाही. मी इकडे कापते, शेजारी कानसेन (आपले आवाजवाले, तुम्ही ठेवलेलं हे नाव ते अजून पदवीसारखं मिरवतात) आवाज लावतात, पलीकडे रंगवाल्या बाई रंग सुधारतात. तिघांचं काम एकाच चित्रावर, पण चहाला भेटलो तर भेटलो.

तुमच्या एकसष्ट जुन्या डिस्कही मी त्यात उतरवायला घेतल्या. प्रत्येकीवर तुमच्या अक्षरात चिठ्ठी: ‘महत्त्वाचे’, ‘फार महत्त्वाचे’, ‘पुसू नये’, ‘पुसले तरी चालेल, पण मला विचारून’. एकीवर नुसतंच ‘किरकोळ’. ही किरकोळ डिस्क दोन दिवस खरखरली, कॉपी पूर्ण झाली आणि तिने तिथेच मान टाकली. परत काही उघडली नाही.

मंगळवारी माझ्या मशीनमध्ये जागा संपली. मी दोन फोल्डर पुसले. एक ‘किरकोळ’, दुसरा घड्याळं दुरुस्त करणाऱ्या आजींवरच्या फिल्मचा, कारण ती माझी जास्तीची कॉपी असावी असं मला वाटलं. कॉम्प्युटरने दोनदा विचारलं, खरंच पुसू का? मी दोन्ही वेळा हो म्हटलं (मला दोनदा विचारलेलं आवडत नाही, हे तुम्हाला माहीत आहेच). आणि मामा, मी माझ्या मशीनमध्ये नव्हतेच! मी त्या सगळ्यांच्या ट्रंकेत हात घातला होता. रंगवाल्या बाईंच्या खोलीत त्या फिल्मच्या दिग्दर्शिका बसून शेवटचा भाग बघत होत्या. आजी म्हणाल्या, “माझ्या नवऱ्याचं घड्याळ मात्र मी...” आणि पडदा लालभडक (मूळ चित्र सापडेनासं झालं की आता तो असा होतो). बाई किंचाळल्या, दिग्दर्शिका उभ्या राहिल्या, कानसेन कानातले हेडफोन ओढत बोळात आले. चार वर्षांत प्रथमच आम्ही सगळे एकदम बोळात उभे होतो. “कुणी पुसलं?” दिग्दर्शिकांनी विचारलं. मी हात वर केला. मग म्हटलं, “मी.” त्या आजी मार्चमध्ये गेल्या, मामा. त्यांचं ते बोलणं दुसरीकडे कुठेच नव्हतं.

यंत्र बसवणाऱ्या गृहस्थांना फोन केला. ते आले, शांतपणे चष्मा पुसला आणि म्हणाले, “ही ट्रंक दर तासाला सगळ्याची नोंद ठेवते. दहा वाजताचं परत आणतो.” पाऊण तासात दोन्ही फोल्डर हजर. दिग्दर्शिकांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण माझा चहा माझ्यापुढे सरकवला.

मग सगळं नीट आलंय का, हे तपासायला आम्ही आपापल्या खोलीत एकेक चित्र उघडत बसलो. तेवढ्यात भिंतीपलीकडून कानसेनांचा आवाज: “अहो, सगळ्यांनी ‘किरकोळ’मधलं चोविसावं उघडा. आत्ता!”

उघडलं. मामी होत्या. टेबलाशी, वहीत शॉट लिहीत, पेन्सिल कानामागे. कॅमेरा चुकून चालू राहिलेला. तुम्ही दिसत नाही, नुसते ऐकू येता. कुणा म्हाताऱ्याचं बोलता बोलता थांबणं कापून टाकायचं म्हणून हुज्जत घालताय. मामी मान वर न करता म्हणतात, “त्याला घाई नाहीये, तुम्हालाच आहे. थांबा जरा.” मग एकदम कॅमेऱ्याकडे बघून, “अगंबाई, हा चालूच आहे की!” आणि हसत हसत तळवा भिंगावर ठेवतात.

मग न ठरवता कामाला लागलो. कानसेनांनी पंख्याची घरघर काढली, रंगवाल्या बाईंनी मामींच्या साडीचा मूळचा मोरपंखी रंग परत आणला, मी काहीही कापलं नाही (एडिटर म्हणून माझं आजवरचं सर्वांत चांगलं काम). संध्याकाळच्या चहाआधी तयार! टॉवेलातून नेऊन-आणून याला आठवडा लागला असता. पण मामा, खरं सांगू? तो आठवडा मला हवा होता.

पेनड्राइव्ह सोबत पाठवतेय. ताईकडच्या टीव्हीला लावता येईल. बाकी सगळं मार्गी लागलंय, तेव्हा काळजी नसावी आणि एवढ्यासाठी प्रवासाची दगदग करू नये.

तुमची,
भाची

ता. क. : पुसल्याचं ताईला सांगू नका. ती मला दोनदा विचारेल.

आणखी ता. क. : भिंगावर तळवा आल्यावर चित्र काळं होतं, पण आवाज पुढेही चालू राहतो. मामी तुमच्याबद्दल एक वाक्य बोलतात. कानसेनांनी ते स्वच्छ काढलंय. पेनड्राइव्हमध्ये मी ते मुद्दाम घातलेलं नाही. इथे येऊन ऐका. रविवारी स्टेशनवर घ्यायला येते.